शिटीची दोरी

४ जानेवारी

आज बॅग भरताना निळी रिबीन आठवली. कॉन्व्हेंट शाळेच्या मैदानावर तीन पायांची शर्यत होती. मी चौथीत होते. माझ्या जोडीदारणीला गोवर आला होता आणि मी पायरीवर बसून हमसून हमसून रडत होते, म्हणून मदरनी वरच्या वर्गातून ताईला बोलावून आणलं. ताईनं माझ्या वेणीची रिबीन सोडली, तिचा उजवा पाय माझ्या डाव्या पायाला बांधला आणि म्हणाली, "छकुली, तू फक्त 'बांधलेला, मोकळा, बांधलेला, मोकळा' असं म्हणत राहा. बाकीचं मी बघते." आम्ही शेवटून दुसऱ्या आलो, तेही शेवटची जोडी पडली म्हणून. घामानं गाठ इतकी आवळली होती की सुटेना. मग तशाच तीन पायांनी फाटकापर्यंत गेलो. वाटेत ताई कसलीशी गोष्ट सांगत होती. गोष्ट आठवत नाही, तिचा घामट खांदा आठवतो.

बाकीचं मी बघते, असं ती म्हणायची. आता बघायचं काम माझ्याकडे आहे.

एकसष्टाव्या वर्षी मला छकुली म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं आहे. ताई शाळेत खेळाची शिक्षिका झाली, लग्न केलं नाही, पोरींना पळवण्यात आयुष्य गेलं. काचबिंदूनं तिची नजर कडांकडून खात आणली आणि मध्ये उरलेली बटणाएवढी खिडकीही दोन वर्षांपूर्वी मिटली. मी तिला माझ्या घरी आणलं. आतल्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेव म्हटलं की जेवायची. ऊठ म्हटलं की विचारायची, "कशाला?" त्या कशालाचं उत्तर मला कधी देता आलं नाही.

मग एकदा मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. एका दूरच्या शहरात अर्धी मॅरेथॉन असते आणि डोळ्यांनी न दिसणारेही तिथे सोबत्याच्या हाताला धरून धावतात. त्याच आठवड्यात मी जिन्यात पडले. (शेवटची पायरी इतकी काळोखात कुणी बांधतं का!) सून मला धरून आत घेऊन आली, सगळी धावपळ झाली, आणि त्या संध्याकाळी ताई आपणहून उठून बसली. म्हणाली, "छकुली, ती शर्यत कधी आहे म्हणालीस?" वर्तमानपत्रातल्या चार ओळींनी माणूस उठून बसतं हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

तेव्हापासून आम्ही रोज पहाटे पळतो. ताईच्या शिटीची निळी-पांढरी दोरी आहे, तिची जन्मभराची. शिटी काढून दोन्ही टोकांना फास केले आहेत. एक तिच्या उजव्या हातात, एक माझ्या डाव्या हातात. ती डावीकडे, मी उजवीकडे, शाळेतल्यासारख्याच. नियम असा की सोबत्यानं ओढायचं नाही. फक्त सांगायचं. वळण, उंचवटा, माणूस, पाणी.

मुलगा म्हणतो, "आई, तुम्ही दोघी मिळून एकशे अठ्ठावीस वर्षांच्या आहात."

ताई म्हणाली, "म्हणून तर अर्धीच पळतोय."

६ जानेवारी, गाडीत

ताई खिडकीपाशी बसायला तयार नाही. मला बसवलंय आणि एकसारखी विचारते आहे, "आता काय दिसतंय?"

"डोंगर."

"डोंगर काय, सगळीकडे असतात. नीट बघून सांग."

एका घराच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होती, ते सांगितलं.

"रंग?"

"पांढऱ्या."

"पांढऱ्या कशा? नव्या कोऱ्या, की धुवून धुवून निळसर झालेल्या?"

"ताई, गाडी पळतेय गं! किती छळशील?"

"बघ. बघून ठेव."

बिचारी किती भुकेली आहे बघण्यासाठी, असं मला वाटलं. मग मी काहीच सोडलं नाही. कारखान्याची चिमणी, पुलाखालचं हिरवं पाणी, रुळांच्या कडेला लाल स्वेटर घालून उभी असलेली मुलगी. नवल असं की सांगितलेलं ती लक्षात ठेवत नाही. संध्याकाळी मी चादरींचा विषय काढला तर म्हणाली, "कोणत्या चादरी? तुला आठवतायत ना? मग झालं."

७ जानेवारी

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन लोखंडी खाटा, मध्ये हात घालता येईल एवढीच जागा, भिंतीवर कुणीतरी काढून नेलेल्या चित्राचा चौकोनी डाग. दाराशी कोट टांगायचा लाकडी खांब आहे आणि तो नको तिथे ठेवला आहे. आल्या आल्या मी त्याच्यावर आदळले, तो माझ्यावर पडला, वर टांगलेली घरमालकिणीची छत्री ताईच्या डोक्यात. घरमालकीण धावत आली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ताईकडे, आणि म्हणाली, "न दिसणाऱ्या तुमच्यापैकी कोण?"

ताई हसता हसता खोकायला लागली. मला काही एवढं हसू आलं नाही.

दुपारी धावण्याचे क्रमांक आणायला गेलो. एका मोठ्या सभागृहात ओळीनं टेबलं. टेबलामागच्या पोरानं मला विचारलं, "मावशी, सोबती तुम्ही? नीट दिसतं ना?"

"तुझ्या शर्टाचं दुसरं बटण तुटलंय, इतकं नीट दिसतं," मी म्हटलं. तो लाजला. मागची माणसं हसली. मला बरं वाटलं. पण तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूनं एक बाई चिडून म्हणाली, "अहो, मघापासून पिशवी पुढे धरून उभी आहे मी, घ्या ना!" ती तिथे कधी आली कोण जाणे. माणसं हल्ली मांजरासारखी येतात.

ताईनं पिशवी घेतली. हात पुढे केला तो बरोबर पिशवीवरच. म्हणाली, "राग मानू नका हं, ही लहानपणापासून वेंधळी." मी वेंधळी! वर्गात माझ्या वह्या मदर सगळ्यांना दाखवायच्या.

८ जानेवारी

आज मन फार खचलं आहे. कुणाशी बोलणार? वही आहे म्हणून बरं.

सकाळी ताईच्या पाठीला तेल लावत होते. तिचा डावा दंड कोपरापर्यंत काळानिळा आहे. काही डाग जुने, पिवळे पडलेले, काही ताजे. "हे काय?" विचारलं तर म्हणाली, "म्हातारी कातडी आहे, कशानंही डाग पडतो." पण मला आठवलं. सरावाच्या रस्त्यावरचा दिव्याचा खांब. बेकरीसमोर उभी केलेली मोटारसायकल. उघडा राहिलेला मोटारीचा दरवाजा. दर वेळी मी म्हटलं, ताई, तू फार बाहेर पळतेस, माझ्याजवळ राहत नाहीस. आणि ती म्हणायची, हो गं, चुकलं.

कधी कधी पळता पळता वाटतं की ताई बाजूला नाहीच. मान पूर्ण वळवली की दिसते. दोरी तर हातातच असते. हा चष्मा बदलायला हवा. डावी काच मी इतकी पुसते की तिला आता चरे पडले असतील.

दुपारी ताई स्नानघरात असताना उजवा डोळा हातानं झाकून बघितलं. भिंतीवरचा चौकोनी डाग सापडेना. या खोलीतल्या दिव्याला दम नाही.

ताईचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा रोग घराण्यात असतो, बहिणीनंही तपासून घ्यावं. ताईनं मला चार वेळा विचारलं. चौथ्यांदा मी सांगून टाकलं, "घेतलं तपासून, नुसता नंबर वाढलाय." तपासून घेईनच. शर्यत झाली की लगेच. आज समजा काही निघालं, तर ताईला कोण नेणार? ती परत भिंतीकडे वळेल. आणि या वेळी तिला उठवायला माझ्याकडे वर्तमानपत्रही नाही, जोरही नाही. देवा, फक्त एकवीस किलोमीटर. त्यानंतर माझं काय करायचं ते कर.

१० जानेवारी

उद्या. जेवताना ताईनं विचारलं, "नको पळूया का? इथून थेट घरी जाऊ. मला काही वाटणार नाही." मी पावाचा तुकडा ताटात ठेवला आणि रडू लागले. ती म्हणाली, "बरं बरं, पळूया. सूप पी. गार होतंय." आणि माझ्या ताटाच्या डावीकडचं भांडं उचलून माझ्यासमोर ठेवलं. सूप आणलं होतं हे मला माहीतच नव्हतं.

११ जानेवारी, रविवार

सगळं लिहायचं आहे. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

पहाटे धुकं होतं. हजारो माणसं एका रुंद रस्त्यावर उभी, तोंडातून वाफा, पायांखाली फेकलेल्या पिशव्या. न दिसणाऱ्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना कडेला वेगळं उभं केलं होतं. ताईनं दोरीचा फास मनगटात सरकवला आणि दोन बोटांनी दोरी ताणून बघितली, शाळेत शिटी वाजवायच्या आधी बघायची तशी. तिच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं की झालं, आपण जिंकलो. अजून निघालोही नव्हतो.

पहिला तास फार सुंदर गेला. मी सांगत होते, ती पावलं टाकत होती. "उंचवटा, आता." "वळण, उजवीकडे, लांबडं." "पूल आहे, वारा लागेल." बाजूनं जाणारी पोरं ओरडायची, "शाब्बास मावशी!" आणि ताई विचारायची, "कुणाला म्हणाली गं, तुला की मला?" नदीवरचं धुकं निवळलं तेव्हा ती म्हणाली, "सूर्य आला वाटतं, गाल गरम झाला. कसा आहे?" मी सांगितलं, अंड्याच्या बलकासारखा. "बघून ठेव," ती म्हणाली.

पंधरा किलोमीटरच्या पाटीपुढे रस्ता अरुंद झाला. मी थकले होते, नजर समोरच्या बाईच्या पिवळ्या टाचांवर होती. पाण्याचं टेबल कुठे होतं ते मला आताही सांगता येणार नाही. एवढंच कळलं की दोरीला हिसका बसला, पत्र्याचा मोठा आवाज झाला, पेले उडाले आणि ताई रस्त्यावर पडली होती. गुडघा फुटला होता. तळहाताची साल निघाली होती. टेबल तिच्या अंगावर आडवं.

पांढऱ्या जाकिटातली परिचारिका धावत आली. ताईच्या गुडघ्यावर पट्टी दाबत ती मला रागानं म्हणाली, "अहो, एवढं मोठं टेबल! वर लाल छत्री लावलीय! दिसलं कसं नाही तुम्हाला?"

मी वळून बघितलं. खरंच लाल छत्री होती. मान वळवल्यावर दिसली.

मी तिथेच फुटपाथवर बसले. ओल्या पेल्यांच्या ढिगात. आणि म्हटलं, "ताई, मला दिसत नाही गं. डावीकडचं काहीच दिसत नाही."

हे वाक्य मी याआधी मनातसुद्धा म्हटलेलं नव्हतं.

"माहीत आहे," ताई म्हणाली.

"कधीपासून?"

"जिन्यात पडलीस तेव्हापासून. पहिली काही वर्षं मीही अशीच पडत होते, आणि पायऱ्यांना शिव्या देत होते."

"मग आलीस कशाला माझ्याबरोबर? माझ्यामुळे रोज आपटत होतीस, बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू घरी बसली असतीस. भिंतीकडे तोंड करून. मला ती भिंत माहीत आहे, छकुली, तिच्यात काही नाही. मला वाटलं, तुला पळायला शिकवावं आधी, मग सांगावं." तिनं नाक पुसलं. "आणि म्हटलं, तोवर हिनं जेवढं बघता येईल तेवढं बघून घ्यावं."

चादरी. चिमणी. लाल स्वेटर. मी तिच्यासाठी म्हणून बघत होते.

मी ओरडले. रस्त्यात, लोकांदेखत, तिला नाही नाही ते बोलले. मला फसवलंस म्हणाले, माझं काय होणार म्हणाले, घरी परत जाऊन तुझ्याशेजारी पडून राहणार का मी, दोन आंधळ्या म्हाताऱ्या एका खोलीत! परिचारिका घाबरून गाडी बोलवते म्हणाली. ताईनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? सहा किलोमीटर राहिलेत."

"मी तुला नेऊ शकत नाही."

"नेऊ नकोस. समोरचं तुला दिसतंय ना? समोरचं तू सांग. कडेचं मी सांगते, मला ऐकू येतं. डावीकडनं आता एक जाडा माणूस येतोय, धापा टाकतोय. ऊठ."

तो आला. खरंच जाडा होता.

मग आम्ही चाललो. पळणं संपलं होतं, ताई लंगडत होती. "समोर खड्डा." "डावीकडे मुलं, दोन." "समोर वळण." "डावीकडे भिंत लागली, आवाज आदळतोय." मध्येच ताईनं पुटपुटायला सुरुवात केली, बांधलेला, मोकळा, बांधलेला, मोकळा, आणि मीही. मी सगळा वेळ रडत होते. शौर्यबिर्य काही नव्हतं त्यात. भीती होती, आणि दोरीचं दुसरं टोक होतं, एवढंच.

पोहोचलो तेव्हा कमान उतरवून आडवी ठेवली होती. एक माणूस वेळ मोजायची चटई गुंडाळत होता. पदकांची खोकी गेली होती. तो म्हणाला, "संपलं, मावशी. केव्हाच संपलं."

"तुमचं संपलं असेल," ताई म्हणाली.

चटई गेली तरी खाली रस्त्यावर रंगवलेली रेघ होती. ती गुंडाळता येत नाही.

"रेघ आली?"

"आली."

"रंग?"

"पांढरी."

"पांढरी कशी?"

तिनं दोरी हलकेच हलवली. वाट बघत उभी राहिली.

"धुवून धुवून निळसर झालेली," मी म्हटलं, आणि आम्ही दोघींनी एकदमच पाऊल टाकलं.

१६ जानेवारी

घरी. डॉक्टर भले आहेत, हळू बोलतात. यंत्रात हनुवटी ठेवून ठिपके मोजायला लावले. डाव्या डोळ्याचं जे गेलं ते परत येत नाही. उजव्यालाही सुरुवात झाली आहे, थेंबांनी धरून ठेवू, किती काळ ते कुणीच सांगू शकत नाही. मी विचारलं, आधी आले असते तर? ते थेंबांच्या वेळा लिहू लागले. एवढ्यानं कळलं.

मुलगा बाहेर तोंड फिरवून उभा होता.

२७ जानेवारी

इतके दिवस लिहिलं नाही. पडून होते. आतल्या खोलीत, ताईच्याच खाटेवर. ताईचं म्हणणं खरं आहे, भिंतीत काही नाही. पण तिथे निदान डावं-उजवं नसतं.

आज सकाळी ताईनं कुठूनशी ती जुनी शिटी शोधून काढली आणि माझ्या कानाशी अशी फुंकली की शेजारची बाई गॅलरीत आली. सून स्वयंपाकघरातून ओरडली, "ताईमावशी, हार्ट अटॅक येईल त्यांना!"

"येऊ दे, निदान उठेल तरी," ताई म्हणाली. मग मला, "ऊठ."

"कशाला?" मी विचारलं.

तोंडातून शब्द गेल्यावर कळलं की हा कुणाचा शब्द आहे. ताईलाही कळलं. उत्तर तिलाही देता आलं नाही. तिनं नुसता दोरीचा फास माझ्या हातात सरकवला आणि उभी राहिली. थोड्या वेळानं मी उठले. फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो.

३० जानेवारी

अक्षर अजून वाचता येतं तोवर हे लिहून ठेवते. मरायला निघालेले नाही, कुणी घाबरू नका. फक्त ज्या गोष्टींना डोळे लागतात त्या डोळे असलेल्यांकडे जाव्यात, आणि मी असतानाच जाव्यात.

शिलाई मशीन सुनेला. दोऱ्यांची रिळं मी रंगाच्या क्रमानं लावली आहेत, तो क्रम मोडलास तरी चालेल. माझं ऐकून तू कधी कुठलं काम केलंस? तरी जिन्यात पडले तेव्हा तूच मला आत घेऊन आलीस, ते विसरलेले नाही. स्कूटर मुलानं विकून टाकावी. चावी त्यानं आजच माझ्याकडून मागून घ्यावी, म्हणजे मला स्वतःहून द्यावी लागणार नाही. भरतकामाचा अर्धा राहिलेला टेबलक्लॉथ घरमालकिणीला पाठवा, त्या दूरच्या गावी. पत्ता बॅगेच्या खिशात आहे. तिला लिहा की तिचा प्रश्न बरोबर होता, उत्तर थोडं उशिरा पाठवत आहोत.

फोटोंचे अल्बम नातीला. बाळ, ते नुसते ठेवू नकोस. रविवारी माझ्याजवळ बसून एकेक पान सांगत जा. फ्रॉकचा रंग सांग. निळा म्हणालीस तर निळा कसा ते सांग. ही वहीही तुलाच. उरलेली पानं मी सांगेन तसं लिहायची, आणि मदरनी शिकवलेलं वळण ठेवायचं, ओळ सोडून जायची नाही.

मोठा आरसा कुणाला हवा असेल त्यानं न्यावा.

शिटी ताईकडेच राहू दे, काढून घ्यायचा प्रयत्न करू नका, वाजवेल.

दोरी मात्र कुणालाच द्यायची नाही. तिचं एक टोक ताईचं आहे, एक माझं. आमच्यातली जी आधी जाईल, तिच्या मनगटातून फास अलगद काढा आणि दोन्ही टोकं दुसरीच्या हातात द्या. गाठ आवळलेली असेल, घाई करू नका. आणि तिला एकटीला फाटकापर्यंत जाऊ देऊ नका. कुणीतरी डावीकडे राहा.